पदकाचा नेम आणि लढाईतला नेम

स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्यपदक मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातलं त्याचं गाव कांबळवाडी एका दुपारीत देशाला माहीत झालं. त्या आठवड्यात कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडायचं: "असली पोरं बॉर्डरवर पाठवायला पाहिजेत. एक गोळी, एक माणूस." मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, हेच बोलणं पुन्हा सुरू झालं. त्याच गाड्यावर सैन्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असायचंच. त्यांचं उत्तरही ठरलेलं: "कागदावर गोळ्या घालणं निराळं. कागद काय उलटून गोळी घालत नाही."

दोन्ही बाजू मनापासून बोलतात आणि दोन्ही अर्धंच बोलतात. आपल्या जिल्ह्यात तर हा विषय नीट समजून घ्यायलाच हवा, कारण दोन्ही घराणी आपलीच आहेत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून झाडायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. त्याच वर्षी शाहू मानेनं युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं रौप्य मिळवलं. दुसऱ्या बाजूला शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, जिथं घरटी फौजी सापडतो, आणि टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे. रायफल दोघांच्याही हातात असते, पण तिच्याकडून करून घ्यायचं काम अगदी वेगळं.

कोल्हापूरकराला ते कुस्तीवरून पटकन कळेल. खासबागेत उतरणारा मल्ल आणि रात्री अंधाऱ्या बोळात चौघांनी घेरलेला माणूस, दोघंही अंगबळावरच लढतात. पण आखाड्यात माती चाळलेली असते, समोर एकच गडी, तोही आपल्या वजनाचा, पंच उभा, आणि पाठ टेकली की संपलं. बोळात यातलं काहीच नसतं. मल्लाची ताकद तिथं उपयोगी पडेल, पण त्याला डाव लावता येईल की नाही हे बोळ ठरवतो.

नेमबाजीच्या खेळात बाकी सगळं एका जागी बांधून ठेवतात आणि एकच गोष्ट मोजतात: या क्षणी नळी किती स्थिर आहे आणि गोळी नेमकी केव्हा सुटली. अंतर ठरलेलं, लक्ष्य न हलणारं, उजेड पुरेसा, वेळ जाहीर केलेली. एवढं सगळं बांधून ठेवलं म्हणूनच दोन माणसांमधला केसाएवढा फरक मोजता येतो.

तो फरक खरोखरच केसाएवढा असतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकानं कागदावर टेकवावं एवढा. त्यावर जाणारा छर्राच मुळात ४.५ मिलिमीटर जाड. दहा मिळाले तरी भागत नाही, कारण त्या दहाचेही दशांश करतात आणि सर्वात उत्तम गोळीला १०.९ मिळतात. अशा ६० गोळ्या, ७५ मिनिटांत. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राची शेवटची गोळी १०.८ ची होती. त्या गोळीआधी फिनलंडचा खेळाडू आणि तो बरोबरीत होते. समोरच्याची ९.७ ला गेली आणि सुवर्ण भारतात आलं.

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर एखादी मुलगी सरावाला उभी राहते तेव्हा थोडा वेळ मागं थांबून पाहावं. कॅनव्हास आणि चामड्याचं जॅकेट इतकं ताठ की ते चढवल्यावर धड वाकताही येत नाही. सपाट तळाचे बूट. डोक्यावर पट्टी, नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढं छोटी झडप. डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून ती रायफलचं वजन स्नायूंवरून काढून हाडांवर देते, कारण स्नायू थरथरतो, हाड थरथरत नाही. मग ती डोळे मिटते, एक श्वास घेते आणि डोळे उघडते. नेम ठिपक्यापासून सरकलेला दिसला तर हातानं ओढून जागेवर आणत नाही. पाय थोडा सरकवते, सगळं अंगच वळवते, आणि पुन्हा डोळे मिटते. अंग सैल असताना नेम आपोआप ठिपक्यावर येऊन थांबेपर्यंत हे चालतं. मग अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि पुढच्या काही सेकंदांत ट्रिगर दाबायचा. तेवढ्यात मन जरा चाळवलं, बोट अडखळलं, तर ती रायफल खाली घेते. गोळी झाडतच नाही. दम घेते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मला या खेळातली सर्वात मोठी गोष्ट ही रायफल खाली घेणं वाटते. वाईट गोळी झाडायला नकार देण्याचा हक्क खेळाडूला असतो आणि तो वेळेवर वापरणं हीच त्याची तालीम. लढाईत हा हक्क बहुतेक वेळा समोरच्याच्या हातात जातो.

इथं हृदयाचा ठोकासुद्धा अडचण करतो. पोटावर झोपून नेम धरला की दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून नाडी नळीपर्यंत पोचते आणि नळी प्रत्येक ठोक्याला किंचित उडते. मुरलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधतात. ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर जातीची औषधं नेमबाजीत बंद आहेत ती यासाठीच. बीजिंगमध्येच उत्तर कोरियाचा किम जोंग सू त्याच जातीचं प्रोप्रॅनोलॉल घेतल्याचं निघाल्यावर दोन पदकं गमावून बसला.

म्हणून "कागद उलटून गोळी घालत नाही" हे खरं असलं तरी त्यात या खेळाला हलकं लेखण्याचा जो सूर असतो तो मला पटत नाही. कागद गोळी घालत नाही, पण तो चूकही माफ करत नाही.

आता लढाईकडे येऊ.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. एकदा उसाच्या रानात पाणी पाजत असताना मी त्यांना विचारलं, "मामा, तिकडं नेम धरायला वेळ मिळायचा का हो?" ते खोरं टेकवून बांधाकडे बोट दाखवत म्हणाले, "आधी हे बघ. गोळी आली की तू कुठं पडशील?" मी उसात म्हणालो. "ऊस तुला लपवतोय, वाचवत नाही. गोळी उसातनं आरपार जाती. बांधाच्या पलीकडं पडायचं, मातीत गोळी थांबती. मग बघायचं कुठनं आली. मग डावीकडच्याला सांगायचं. तो फायर देतो, समोरच्याला डोकं वर काढता येत नाही, तेवढ्यात तू हललास पाहिजेस. नेम धरायचा की, पण हे सगळं होऊन."

त्यांच्या या चार-पाच वाक्यांत बराचसा फरक आला.

पहिला म्हणजे आडोसा. खेळात नेमबाजाला कशाच्याही मागं जायचं नसतं, तो लक्ष्यासमोर उघडा उभा राहतो. सैनिकाच्या शिक्षणात मात्र डोळ्यांपासून लपवणारी आड आणि गोळी थांबवणारी आड यांतला फरक अगदी सुरुवातीला येतो. झुडूप, पत्रा, गाडीचा दरवाजा हे लपवतात. मातीचा बांध, दगडी भिंत, गाडीचं इंजिन हे वाचवतात.

दुसरा म्हणजे शत्रू दिसतच नाही. लक्ष्य काळ्या वर्तुळासारखं समोर टांगलेलं नसतं. बंदुकीचा आवाज कानावर येतो, पण दऱ्याखोऱ्यांत तो इतका फिरून येतो की दिशा कळत नाही. त्यात आधुनिक रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगानं जाते, म्हणजे आधी ती जवळून गेल्याचा तडाखा ऐकू येतो आणि जिथून सुटली तिथला आवाज मागून येतो. फौजी या दोन आवाजांमधल्या अंतरावरून ठिकाणाचा अंदाज बांधतात. इतकं करून समोर दिसते एक झाडी, एक खिडकी, एखादी हालचाल.

तिसरा फरक लोकांना पचायला जड जातो. लढाईत झाडलेल्या बहुतेक गोळ्या कुणाला लागाव्यात म्हणून झाडलेल्याच नसतात. मामांनी सांगितलेला डावीकडचा जो फायर देतो, तो समोरच्याला खाली दाबून ठेवण्यासाठी. एक गट फायर देतो, दुसरा पुढं सरकतो, मग अदलाबदल. अशा वेळी गोळी शत्रूच्या डोक्यावरच्या दगडाला लागली तरी तिचं काम झालं. खेळात दहाच्या बाहेर गेलेली प्रत्येक गोळी नुकसान आहे. "एक गोळी, एक माणूस" हे गाड्यावरचं गणित इथंच कोलमडतं.

चौथा फरक अंगाचा. खेळाडू दोन गोळ्यांच्या मध्ये श्वास शांत करतो. सैनिक अंगावर जॅकेट, मॅगझिन, पाणी, हातबाॅम्ब घेऊन चढ चढून आलेला असतो, कदाचित रात्रभर झोपलेला नसतो. जिवावर बेतलं की शरीर आपले नियम लावतं. हृदय धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं आणि बोटांची नाजूक कामं बिघडतात. नजर समोरच्या धोक्यावर चिकटते आणि बाजूचं दिसेनासं होतं. पुष्कळांना आपल्याच बंदुकीचा आवाज ऐकू आलेला आठवत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहायचा तर न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास आहे. १९९८ ते २००६ मधल्या घटना तपासल्या तेव्हा ज्या चकमकींत समोरून गोळीबार होत होता त्यांत पोलिसांच्या गोळ्या लागण्याचं प्रमाण सरासरी १८ टक्के निघालं, आणि समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. हे सगळे रेंजवर पात्रता परीक्षा पास झालेले पोलीस. आणि अशा चकमकी बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावर होतात. समोर गोळी घालणारा माणूस आला की रेंजवरचा नेम एवढा उतरतो.

हत्यारंही याच फरकातून घडली आहेत. स्वप्नील वापरतो त्या .२२ रायफलची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, सेकंदाला सुमारे ३३० मीटर जाणारी. नळी, दस्ता, गालाचा टेकू, सगळं त्या एका अंगाच्या मापानं बसवलेलं. काडतुसं निवडतानासुद्धा वेगवेगळे लॉट त्याच नळीतून झाडून पाहतात आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात तोच घेतात. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर जाते आणि ४०० मीटरवर कामाची राहावी अशी अपेक्षा असते. तिच्या आतल्या भागांत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवतात, कारण चिखल, वाळू, बर्फ आत गेलं तरी ती चालली पाहिजे. शंभर मीटरवर तिनं तळहाताएवढ्या जागेत गोळ्या घातल्या तरी सैनिकाचं काम भागतं, कारण त्याचं लक्ष्य माणसाएवढं असतं. ऑलिंपिकची रायफल खंदकातल्या चिखलात एक दिवस टिकणार नाही, आणि इन्सास घेऊन ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीतही कुणी पोचणार नाही.

वाऱ्याचंही तसंच. ५० मीटरच्या रेंजवर वारा कळावा म्हणून लक्ष्याच्या वाटेत झेंड्या लावतात. मैदानात झेंड्या नसतात. गवत कुठं कललं, धूर कुठं गेला, यावरून समजायचं. उंच डोंगरात तर गोळीचा हिशेबच बदलतो. हवा विरळ असल्यामुळं ती कमी अडते, आणि उतारावर किंवा चढावर तिरकी झाडली तर नेहमीच्या नेमापेक्षा वर लागते. कारगिलसारख्या चढावर लढणाऱ्याला हे अंगवळणी पडलेलं लागतं.

सगळी नेमबाजी इतकी स्थिर नसते, हेही सांगायला हवं. राहीच्या २५ मीटर पिस्तुलात दुसऱ्या टप्प्यात ३ सेकंदांत हात खालून वर आणून एक गोळी झाडायची आणि ७ सेकंद थांबायचं, पुन्हा तेच. आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती थायलंडच्या खेळाडूशी बरोबरीत आली आणि शूट-ऑफवर सुवर्ण ठरलं. बर्फावरच्या बायथलॉनमध्ये स्कीइंग करून धापा टाकत आलेल्या खेळाडूला ५० मीटरवर नेम धरावा लागतो. झोपून झाडायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं झाडायचं ११५ चं. या खेळाचं मूळच सैन्याच्या गस्तीत आहे.

लढाईच्या सर्वांत जवळ जायचा प्रयत्न केला तो प्रॅक्टिकल शूटिंगनं. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यात कोलंबियाला स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींना गुण असावेत हा विचार. खेळाडू पळतो, वळतो, दाराआडून, खिडकीतून झाडतो, मॅगझिन बदलतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळानं भागतात. पाहणाऱ्याला ही थेट लढाई वाटते. पण सुरुवातीला खेळाडूंना सगळा मार्ग चालून पाहू देतात. कुठं किती लक्ष्यं आहेत, कुठल्या पावलावर मॅगझिन बदलायचं, हे पाठ करून मग घड्याळ सुरू होतं. झाडायचं नाही ती लक्ष्यं आधीच ओळखू येतात. आडोशामागं सावकाश डोकावण्यात वेळ जातो म्हणून चांगला खेळाडू उघड्यावरून झरझर निघून जातो, आणि नियमांप्रमाणं तेच बरोबर असतं. ही सवय लागलेला माणूस खऱ्या खोलीत शिरला तर जीव गमावेल. १९९६ मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका संघटनेनं आडोसा वापरणं सक्तीचं केलं ते यामुळंच. तरीही मार्ग पाठ असतोच, आणि पुठ्ठ्याचा माणूस जागा बदलत नाही.

इथं कुणी म्हणेल, मग खेळातलं लढाईत काहीच चालत नाही का? चालतं, आणि भरपूर चालतं.

फिनलंडचा सिमो हायहा शेतकरी होता, शिकारी होता आणि गावाकडच्या नेमबाजी स्पर्धांत बक्षिसं मिळवायचा. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्याच्या नावावर ५०० हून जास्त शत्रू जमा झाले, तेही दुर्बिणीशिवाय. दुर्बीण लावली की डोकं वर काढावं लागतं आणि काच चमकते, हे त्याचं कारण. त्याचा नेम स्पर्धांतला होता, पण त्याला जिवंत ठेवलं ते बर्फात लपण्याच्या शिकाऱ्याच्या सवयीनं. अमेरिकेच्या मरीन दलातल्या कार्लोस हॅथकॉकनं १९६५ मध्ये कॅम्प पेरीची लांब पल्ल्याची मोठी स्पर्धा जिंकली आणि पुढं व्हिएतनाममध्ये तो स्नायपर म्हणून गाजला. प्रॅक्टिकल शूटिंगच्या विजेत्यांना विशेष पथकं शिकवायला बोलावतात, कारण पिस्तूल काढणं, मॅगझिन बदलणं, ट्रिगर न हिसकावता दाबणं हे त्यांच्याइतकं सफाईनं कुणाला येत नाही. हात आपोआप चालले की डोकं निर्णयासाठी मोकळं राहतं. समोर हात वर करून आलेला माणूस शरण येतोय की नाही, खोलीत बाई-पोरं आहेत का, आपला जवान गोळीच्या वाटेत आहे का, हे निर्णय कुठल्याही रेंजवर पुरते शिकवता येत नाहीत.

उलट दिशेनंही माणसं गेली. हंगेरीचा सार्जंट कारोली टकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये सरावात हातबाॅम्ब फुटून निकामी झाला. त्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव केला आणि १९४८ व १९५२ अशी दोन्ही ऑलिंपिकची रॅपिड फायर पिस्तूलची सुवर्णं जिंकली. आपल्याकडं राज्यवर्धन राठोडनं काश्मीरमध्ये सेवा केली आणि २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं (एकाच वेळी उडवलेल्या दोन तबकड्या टिपायच्या प्रकाराचं) रौप्य घेतलं. लष्करातल्याच विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायरचं रौप्य. ही पदकं लढाईच्या अनुभवातून आली असं मात्र समजू नये. लष्करानं महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये खेळाडूंना प्रशिक्षक, काडतुसं, पगार आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षांचा मोकळा वेळ दिला. स्वप्नीलला रेल्वेतल्या नोकरीनं आधार दिला. नेमबाजी महाग आहे, आणि काडतुसं कोण पुरवणार या प्रश्नावरच आपल्या कितीतरी पोरांचा खेळ अडतो.

अग्निवीर भरतीची तयारी करणारी गावाकडची मुलं विचारतात की रायफल क्लब लावला तर भरतीत फायदा होईल का. मैदानी परीक्षेत १.६ किलोमीटर धावणं, बीमवर पुलअप्स, ९ फुटांची उडी आणि झिगझॅग तोल एवढंच पाहतात. नेम कुणी विचारत नाही, तो आत गेल्यावर शिकवतात. म्हणून वेळ आणि पैसा थोडाच असेल तर आधी पाय आणि दम तयार करा, लेखी परीक्षेचा अभ्यास करा. कॉलेजात असाल तर एनसीसी घ्या. कोल्हापुरात ग्रुप मुख्यालयच आहे, तिथं .२२ वर फायरिंग मिळतं आणि प्रमाणपत्राला भरतीत वजन असतं. नेमबाजीचीच ओढ असेल तर तिच्याकडे भरतीचा शॉर्टकट म्हणून बघू नका. दुधाळीला जा, प्रशिक्षकांना भेटा, एअर रायफलपासून सुरुवात करा आणि पहिले काही महिने फक्त उभं कसं राहायचं हे शिकायची तयारी ठेवा.